गोळी न घेता या

बाइंडरबाईने मनाशी पक्कं ठरवून टाकलं होतं की ही पाचवी सोनोग्राफी शेवटची. या वेळीही कागदावर ‘नॉर्मल’ आलं, तर ‘दुखतं’ हा शब्द पुन्हा जन्मात कुणापुढे काढायचा नाही. नवऱ्यापुढे नाही, आईपुढे नाही, डॉक्टरांपुढे तर नाहीच नाही. आणि ही बाई एकदा ठरवलं की ठरवलं अशातली होती, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

बाइंडरबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पुस्तकं बांधायच्या कारखान्यात ती अकरा वर्षं काम करत होती, तिथे सगळे तिला याच नावाने हाक मारायचे. घडी घातलेल्या पानांचे फर्मे शिवणं, पुस्तकाच्या पाठीला खळ लावणं, पुठ्ठा चढवणं, सगळ्यात तिचा हात बसलेला. घरी मात्र आईने तिला वेगळंच नाव ठेवलं होतं, ‘जगावेगळी’. चौदाव्या वर्षी पहिल्यांदा पोट धरून ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली, तेव्हा आई म्हणाली होती, सगळ्यांनाच दुखतं, तू काय जगावेगळी? ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आईच्या तोंडी ते लाडाचं होतं, पण लेकीला काही ते लाडाचं वाटत नव्हतं.

सुरुवातीला महिन्यातून दोन दिवस दुखायचं. मग चार झाले. बत्तिसाव्या वर्षापर्यंत निम्मा महिना त्यातच जायला लागला. ओटीपोटातून निघालेली कळ कंबरेत जायची, मांडीत उतरायची, आणि संडासात बसलं की डोळ्यांपुढे तर काजवे चमकायचे. हे कुणाला कळू न देण्यात मात्र बाईने अगदी कसब कमावलं होतं. कारखान्यात एक लोखंडी दाबयंत्र होतं. खळ लावलेली पुस्तकं त्यात रचायची आणि वरचं चाक फिरवून आवळायची. कळ आली की बाइंडरबाई सरळ त्या चाकावर ओणवी व्हायची, दोन्ही हातांनी ते धरायची आणि कळ ओसरेपर्यंत पिळत राहायची. बघणाऱ्याला वाटावं, काय मन लावून काम करतेय. मालक तर नव्या माणसांना तिचं उदाहरण द्यायचे, चाक आवळावं तर बाईने. तिच्या हातची पुस्तकं सगळ्यात घट्ट असायची, त्याचं कारण हे. मालकांना ते सांगणार कोण?

डॉक्टरांची पायरी ती चढली नव्हती असं नाही. घरचे डॉक्टर चांगले होते, म्हातारे होते, तिला लहानपणापासून ओळखत होते. त्यांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, काळजी करू नका म्हणाले, एखादं मूल झालं की थांबेल असंही म्हणाले. मूल होत नव्हतं, तो वेगळाच घोर. चार वेळा त्यांनी सोनोग्राफीला पाठवलं. चारही वेळा ‘नॉर्मल’. प्रत्येक नॉर्मलबरोबर घरातल्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि हिचा चेहरा उतरायचा. काही निघालं नाही म्हणून रडणारी बाई तुम्ही पाहिली आहे का? ही त्यातली. चौथ्या कागदानंतर तिला स्वतःलाच शंका यायला लागली की हे सगळं आपल्या मनाचेच खेळ असतील.

आता खरी गंमत ऐका. गंमत म्हणायची, पण कपाळावर हात मारून घ्यावा अशी आहे. चारही वेळा तपासणीला जाताना ही बाई तासभर आधी दुखण्याच्या दोन गोळ्या घेऊन जायची. का, तर तिथे पोटावर दाबतात, आपण कण्हलो-कुंथलो तर डॉक्टरांचा खोळंबा होईल, बाहेर माणसं बसलेली असतात, बरं दिसत नाही. पाहुणे यायच्या आधी घर आवरावं तशी ती दुखणं आवरून जायची. हसू नका. दातांच्या डॉक्टरकडे जाताना तुम्हीही दात घासूनच जाता.

पाचव्या वेळी जागा नवी होती, कारण जुन्या ठिकाणचं मशीन बंद पडलं होतं. एवढ्याशा कारणाने माणसाचं नशीब फिरतं, त्या बंद पडलेल्या मशीनला हात जोडावेसे वाटतात. नवी खोली अरुंद होती, पडदे ओढलेले, कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ थेंब थेंब गळत होता. मशीनवर बसलेल्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, एक चष्मा डोळ्यांवर आणि दुसरा डोक्यावर. बाइंडरबाईने मनातल्या मनात त्यांना लगेच ‘चष्मेवाली’ म्हणून टाकलं. चष्मेवालीने पोटावर गार जेल लावलं, वरून मशीन फिरवलं, मापं घेतली. गर्भाशय ठीक, बाकीचंही ठीकच दिसतंय. मग हातातल्या चिठ्ठीकडे पुन्हा एकदा बघितलं. घरच्या डॉक्टरांनी अठरा वर्षांचं दुखणं एका ओळीत लिहिलं होतं. चष्मेवालीने विचारलं, आत्ता कुठे दुखतंय. कुठेच नाही, बाई म्हणाली. दाबल्यावर? तरीही नाही.

चष्मेवालीने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि विचारलं, आज गोळी घेतलीय का. बाइंडरबाईने थोड्या अभिमानानेच सांगितलं, हो, दोन, तुमचा वेळ जाऊ नये म्हणून.

चष्मेवालीच्या हातात दहा मिनिटं होती आणि बाहेर बाकावर चार जण बसले होते. ‘नॉर्मल’ लिहून ती मोकळी झाली असती तर कुणी तिला नाव ठेवलं नसतं. आधी चारही वेळा जुन्या ठिकाणच्यांनी तेच केलं होतं, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा, त्यांच्यापुढे हसतमुख बाई झोपलेली होती. पण हिने हातातलं मशीन जागेवर ठेवलं.

“अहो,” ती म्हणाली, “दुखणं घरी ठेवून आलात तुम्ही. मी बघू काय?”

मग तिने नीट समजावून सांगितलं. या प्रकारचा आजार पोटावरून फारसा दिसतच नाही. आतून बघावं लागतं, बारीक दांड्यासारखं असतं ते खालून आत घालून. दहा मिनिटांत होत नाही, चांगली चाळीस लागतात. आणि त्यात निम्मं काम मशीनचं असतं, निम्मं पेशंटचं, कारण कुठे दुखतं ते पेशंटने सांगायचं आणि तिथेच मशीन थांबवून बघायचं. घरच्या डॉक्टरांशी ती फोनवर बोलून घेणार होती. पुढच्या गुरुवारी यायचं, आदल्या रात्रीपासून एकही गोळी न घेता, आणि सोबत कुणाला तरी आणायचं. तपासणी नको वाटली तर मध्येच थांबवा म्हणायचं, ती थांबणार.

बाइंडरबाईने विचारलं, मग आज कागदावर काय लिहिणार?

“तपासणी अपुरी,” चष्मेवाली म्हणाली.

अपुरी. ती घरी जाताना सगळ्या रस्त्याने तो शब्द घोळवत गेली. नॉर्मल नाही, अपुरी. अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी लिहून दिलं होतं की अजून बघायचं राहिलंय. तिला त्या ठेंगण्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं, आणि अजून तर काही निघालंही नव्हतं.

पण गुरुवार म्हणजे पंचाईत होती. एका वाचनालयाची तीनशे जुनी पुस्तकं फेरबांधणीला आली होती आणि शुक्रवारी सकाळी गाडी न्यायला येणार होती. आजवर प्रत्येक तपासणीसाठी तिने ‘घरचं काम आहे’ म्हणूनच रजा घेतली होती. मालक म्हणजे साठीचे गृहस्थ, बोलायला फटकळ, पुस्तकाचा एक कोपरा वाकडा आला तर दिवसभर भुणभुण करणारे. त्यांच्यापुढे उभं राहून तिने आधी घरचं काम म्हटलं, मग तिचं तिलाच कसंतरी झालं, आणि तिने सांगून टाकलं. पोटात दुखतं, पाळीचं आहे, अठरा वर्षं आहे, गुरुवारी चाळीस मिनिटांची तपासणी आहे.

मालकांचे कान लालबुंद झाले. ते एकदम खळीच्या डब्यात डोकावून बघायला लागले, जसं काही तिथे कुणी पडलंय. मग त्याच डब्याला उद्देशून म्हणाले की गाडी सोमवारी बोलावता येईल, वाचनालयवाले काही इतके घाईवर नाहीत. बस, एवढंच. बाईला वाटलं होतं, चार शब्द ऐकावे लागतील. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली तर तिच्या टेबलापाशी एक उंच स्टूल ठेवलेलं होतं, पाठ टेकायला दांडी असलेलं, मालकांच्या केबिनमधलं. मालक दिवसभर स्वतः उभ्याने हिशेब करत होते. तिने दुपारी पाणी प्यायला जाताना त्यांना नुसतं ‘काका’ म्हटलं. ते म्हणाले, बास बास, कोपरे बघ कोपरे.

सोबत कुणाला न्यायचं हा दुसरा प्रश्न. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, त्या आठवड्यात त्याला दुसऱ्या गावी पाठवलं होतं. भला माणूस होता, काही न विचारता गरम पाण्याची पिशवी भरून आणून द्यायचा, पण रजा मिळणं त्याच्या हातात नव्हतं. तो फोनवर इतका हळहळला की हिनेच त्याची समजूत काढली. राहता राहिली आई. दोन गल्ल्या सोडून राहायची. तिने ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा एकदा? आणखी कितव्यांदा? आमच्या वेळी असली थेरं नव्हती, असं सगळं बोलून झालं. आणि मग म्हणाली, येते मी. एकदा माझ्याच कानांनी ऐकू दे काही नाही म्हणून, म्हणजे तुझ्या डोक्यातलं हे खूळ तरी जाईल.

बुधवारी रात्री गोळी घेतली नाही. गुरुवारी सकाळी उठली तेव्हा दुखणं तिच्या आधी उठून बसलेलं होतं. बसमध्ये प्रत्येक खड्डा तिला कळत होता. आई शेजारी बसून दुकानांच्या पाट्या वाचत होती, भाजी किती महागलीय ते सांगत होती, तोंडाला क्षणाची विश्रांती नाही. बाईला तिचं ते बोलणं बरं वाटत होतं, कारण ऐकताना हूं म्हणण्यापलीकडे काही करावं लागत नव्हतं.

चष्मेवालीने आईला विचारलं, बाहेर बसता का आत. आई म्हणाली, आतच बसते, मला दाखवा काय ते. तिला उशाशी खुर्ची दिली. बाइंडरबाईच्या अंगावर चादर घातली, सगळं आधी सांगून, विचारून, मग तपासणी सुरू झाली. पडद्यावर करड्या रंगाचे पट्टे हलायला लागले. चष्मेवाली हळूहळू पुढे सरकत होती आणि एकेका जागी थांबून विचारत होती, इथे? बाइंडरबाईची जुनी खोड. ठीक आहे, ती म्हणायची. इथे? ठीक आहे. आणि इथे? ठीक आहे, चालेल.

“ठीक आहे हे मला लिहिता येत नाही,” चष्मेवाली शांतपणे म्हणाली. “दुखतं की नाही दुखत, दोनच उत्तरं. आणि मी तुमच्या तोंडाकडे बघतच नाहीये हं. मी पायाच्या बोटांकडे बघतेय. तोंडाला लपवायची सवय असते, बोटांना नसते.”

आईने मान वळवून पाहिलं. चादरीबाहेर आलेली लेकीची दहाच्या दहा बोटं आत मुडपलेली होती, पार पांढरी पडली होती. चेहऱ्यावर मात्र तेच कामावरचं हसू. आईने बोटांकडे पाहिलं, चेहऱ्याकडे पाहिलं, पुन्हा बोटांकडे पाहिलं. सकाळपासून चाललेलं तिचं बोलणं तिथे थांबलं.

“इथे?” चष्मेवालीने पुन्हा विचारलं.

“दुखतं,” बाइंडरबाई म्हणाली. “खूप दुखतं.”

“छान. तिथेच थांबू या.”

तिने पडदा दोघींकडे वळवला. हे बघा, ती म्हणाली, हे वरचं गर्भाशय, आणि हे त्याच्या मागचं आतडं. निरोगी पोटात ही दोन्ही एकमेकांवरून सरकतात. मी जरा ढकलते, बघा हं. तिने एका हाताने वरून पोटावर दाबलं, आतून हलकेच ढकललं. वरच्या भागात तो करडा पट्टा दुसऱ्यावरून सुळकन सरकला. मग ती खाली आली आणि पुन्हा ढकललं. या वेळी दोन्ही पट्टे एकदमच हलले. पुन्हा ढकललं. पुन्हा दोन्ही एकदम.

बाइंडरबाईला कुणी काही सांगायची गरजच उरली नाही. भिजून वाळलेली पुस्तकं कारखान्यात नेहमी यायची. बाहेरून बघावं तर पुठ्ठा ठीक, कडा ठीक, फोटो काढला तर कुणी म्हणेल उत्तम पुस्तक. हातात घेऊन पानं फिरवली की मग कळायचं, मधली वीस पानं एकमेकांना घट्ट बसलेली आहेत.

“चिकटलंय,” ती म्हणाली.

चष्मेवालीने मान डोलावली. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तशाच जातीचं अस्तर बाहेर भलत्या जागी वाढतं, तिने सांगितलं. दर महिन्याला तेही सुजतं, तिथेही रक्त येतं, पण वाट नसते. मग व्रण होतात आणि शेजारशेजारचे अवयव एकमेकांना धरून बसतात. इथे मागे एक गाठ आहे, आतड्याला लागून. आणि डाव्या अंडाशयात जुन्या रक्ताची एक छोटी गाठ आहे, वरून बघताना आतड्यातल्या हवेने ती झाकली होती. याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. नुसता एकेक फोटो काढून बघितलं तर चिकटलेलं कळत नाही, हलवूनच बघावं लागतं. आधीच्या चार कागदांत खोटं काही नव्हतं. त्यांनी हलवून बघितलं नाही आणि तुम्ही दुखतं म्हणाला नाहीत.

“म्हणजे मला खरंच काहीतरी आहे,” बाइंडरबाई म्हणाली.

“खरंच आहे. आणि बराच काळ आहे.”

बाइंडरबाईला रडू फुटलं. आणि रडता रडता ती आभार मानायला लागली, तेही असे की ऐकणाऱ्याला कळेना हिला लॉटरी लागलीय की काय. थँक्यू डॉक्टर, तुमचे उपकार कसे फेडू, तुम्ही देवासारख्या भेटलात. चष्मेवाली गोंधळून गेली. कागदी रुमालांचा डबा तिच्यापुढे धरत म्हणाली की आभार कसले, बातमी काही चांगली नाहीये, औषधं लागतील, कदाचित ऑपरेशन लागेल. बाई नाक पुसत म्हणाली, माझ्यासाठी चांगलीच आहे. तुम्हाला नाही कळायचं. अठरा वर्षं मी वेडी नव्हते, एवढं तुम्ही आज सांगितलंत.

चष्मेवालीने डोक्यावरचा चष्मा काढून उगाचच पुसला. मग म्हणाली, “मला कळतं. रोज नाही कळत, पण आज कळलं.”

त्या कागदावर चांगल्या पंधरा ओळी होत्या. बाइंडरबाईने तो बाहेर बाकावर बसून दोनदा वाचला, निम्मे शब्द कळले नाहीत तरी वाचला. वाचून मान वर केली तर आई शेजारी नव्हती. पाहते तर आई परत त्या खोलीच्या दारात उभी, चष्मेवालीचा हात दोन्ही हातांत धरून. आईचे डोळे वाहत होते. चष्मेवाली तिला समजावत होती की बरी होईल हो तुमची मुलगी, आता कळलंय ना, आता उपाय करता येतील. आई मान हलवत होती, हो म्हणत होती, आणि तरी हात सोडत नव्हती. बाईला वाटलं, बिचारीने जिवाला फारच लावून घेतलं.

बसमध्ये आई एक अक्षर बोलली नाही. घरी पोचल्यावर तिने लेकीला पलंगावर झोपवलं, गोळी दिली, पाणी दिलं, पायांवर पांघरूण घातलं. पांघरूण घालताना तिचा हात त्या बोटांवर जरा जास्तच वेळ राहिला. ‘जगावेगळी’ हे नाव त्या दिवसापासून तिच्या तोंडून गेलं ते गेलंच.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना आतला सगळा नकाशा हवा होता, म्हणून दोन आठवड्यांनी एमआरआय झाला. तिथल्या माणसाने बजावलं होतं की अजिबात हलायचं नाही, आणि मशीन खूप आवाज करेल. आवाज म्हणजे काय आवाज, कुणी डोक्याशी पत्रे ठोकतंय असं वाटावं. एरवी बाई घाबरली असती. पण त्या नळीत पडल्या पडल्या तिला नवऱ्याची आठवण झाली, जो रात्री प्रवास करून सकाळी हजर झाला होता आणि आता बाहेर तिची चप्पल हातात घेऊन बसला होता. तिला मालक आठवले, ते स्टूल आठवलं. एवढा खटाटोप, एवढी ठोकाठोक, आणि हे सगळं कशासाठी, तर आपल्याला कुठे दुखतं ते बघण्यासाठी. तिला इतकं भरून आलं की न हलणं अवघड झालं.

मग त्या ऑपरेशनवाल्या डॉक्टरांची भेट ठरली. नवरा येणारच होता, तरी आई अर्धा तास आधी येऊन दवाखान्याच्या बाकावर बसलेली. तुला कुणी सांगितलं यायला, असं लेकीने विचारलं तर म्हणाली, मला कुणी सांगावं लागतं का. नवरा गाडी लावायला जागा शोधत होता, तेवढ्यात आतून सिस्टरने हाक मारली आणि या दोघीच आत गेल्या. डॉक्टरांना भेटण्याआधी सिस्टर फॉर्म भरून घेत होती. तरुण पोरगी, अक्षर सुरेख, एकेक प्रश्न वाचायची आणि मान वर न करता लिहायची. वय काय, वजन किती, कुठल्या औषधाची ॲलर्जी, आधी ऑपरेशन झालंय का. बाइंडरबाई भराभर उत्तरं देत होती. आता तिची भीड चेपली होती, किती दुखतं या प्रश्नाला तिने न कचरता ‘फार’ असं सांगितलं.

“घरात आणखी कुणाला हा त्रास होता? आई, मावशी, बहीण?”

“नाही,” बाइंडरबाई म्हणाली.

“होता,” आई म्हणाली.

सिस्टरचं पेन थांबलं. बाइंडरबाईने वळून आईकडे पाहिलं. आई समोरच्या भिंतीकडे बघत होती, मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून.

“लिहा,” ती म्हणाली. “आई.”

“तुम्हाला? किती वर्षं होता?”

“तेराव्या वर्षी सुरू झाला. पाळी गेली तेव्हा गेला. ही झाली ती सुद्धा लग्नानंतर नऊ वर्षांनी झाली.”

बाइंडरबाईच्या मनात आलं, एवढी बत्तीस वर्षं झाली, ही बाई आपल्यासमोर उभ्याने भाकऱ्या थापत होती, बाजारातून ओझी आणत होती, आणि सारखी बोलत होती, सारखी बोलत होती. “तू कधी सांगितलं नाहीस,” ती कशीबशी म्हणाली.

“कुणाला सांगू? माझ्या आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, सगळ्यांनाच दुखतं. मला ते खरं वाटलं गं. मला वाटलं, मीच नाजूक. म्हणून तुला तसं म्हणत गेले.”

बाइंडरबाईने आईच्या पिशवीवरचा एक हात सोडवून आपल्या हातात घेतला. मग सिस्टरने अगदी हळू आवाजात, फॉर्मवरचा पुढचा प्रश्न विचारायचाच म्हणून विचारला.

“आणि आई, तुमचं निदान कधी झालं?”

आईने पदराने डोळे पुसले, चष्मा नीट केला आणि नीट आठवून सांगितलं.

“मागच्या महिन्यात. गुरुवारी. हिच्या उशाशी खुर्चीत बसले होते तेव्हा.”

सिस्टरने बाइंडरबाईकडे पाहिलं, कारण असं उत्तर लिहायला फॉर्मवर जागा नव्हती.

“लिहा सिस्टर,” बाइंडरबाई म्हणाली. “बरोबर सांगतेय ती.”

सिस्टरने रकान्याच्या बाहेर, कडेच्या कोऱ्या जागेत, सुरेख अक्षरात ते सगळं लिहून घेतलं.